पाहुण्यांच्या वतीने हरकत

घरात पाहुणे आहेत या कारणाने मुलाचे लग्न मार्गशीर्षातून उचलून वैशाखात नेणारा, व ते पाहुणे म्हणजे बदके आहेत हे सून घरात येईपर्यंत कोणास न सांगणारा गृहस्थ अखिल ठाणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्यास व्याही म्हणून आला. वाचकांस ही अतिशयोक्ती वाटण्याचा संभव आहे. परंतु मी भिवंडीच्या कचेरीबाहेर चिंचेच्या सावलीत बसणारा अर्जनवीस असून माझे शिक्षण जरी सातवीपर्यंतच झालेले असले, तरी माझ्या हातचा मसुदा पुढे आला की अव्वल कारकून खुर्चीत सरळ होऊन बसतात. अतिशयोक्ती करणाऱ्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर निकालात निघतो, हे मी रोज पाहतो. सबब खाली जे लिहीत आहे ते माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे व बरोबर आहे.

सुपारी फोडण्याच्या बैठकीत मी स्वतः पंचांग मांडीवर घेऊन बसलो होतो. मार्गशीर्षातले मुहूर्त उत्तम होते. आमचे व्याही कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसले होते. ते तेथून म्हणाले, "मार्गशीर्षात न्हाय जमायचा. घरात पावने असतात."

"लग्नघरात पाहुणे असायचेच," मी म्हणालो.

"लग्नाचे न्हाय. हे दरसालचे."

"बरे, राहतात किती दिवस?"

"दिवालीला येतात. शिमगा झाला का जातात."

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मुक्काम ठोकणारी ही कोणती मंडळी, व त्यांच्या भाकऱ्या थापणार कोण, या विचाराने माझ्या पत्नीचा चेहरा उतरला. मी मात्र मुलीचा बाप होतो. मुलीच्या बापाने बैठकीत उलट प्रश्न विचारावयाचे नसतात. मुहूर्त वैशाखाचा धरला गेला आणि ऐन उन्हात, घामाने अंतरपाट भिजेल अशा दुपारी, माझी कन्या त्या घरात गेली. पुढे संक्रांतीचे वाण घेऊन मी कशेळीच्या अलीकडे, खाडीकाठच्या त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ओटीवर एकही परका मनुष्य दिसेना. मी मुलीला हळूच विचारले, "पाहुणे कुठे आहेत?" तिने मागच्या दाराकडे बोट करून शांतपणे सांगितले, "पाण्यात."

हा पाण्याचा प्रकार समजावून सांगणे आवश्यक आहे. खाडीच्या बांधाला पाणी आतबाहेर करण्यासाठी एक लाकडी दार असते, त्यास उघाडी म्हणतात. भात कापून झाले की शहाणा शेतकरी उघाडी गच्च लावून खारे पाणी बाहेर ठेवतो, कारण जमीन खारावली की पुढच्या वर्षीचे पीक बुडते. आमचे व्याही भात कापून झाले की उघाडी मुद्दाम उघडीत. शेजाऱ्याच्या शेतात थेंबही जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या खाचराला आतून दुसरा बांध घातला होता, आणि त्या बांधाच्या आत गुडघाभर पाणी साठवून ते आपल्या पाहुण्यांची वाट पाहत बसत. त्या खाचरात पुढे भात पिके, पण शेजाऱ्याच्या निम्म्याने. गावातले लोक रस्त्यात अडवून विचारीत, "काय आबा, औंदा बदका किती खंडी पिकली?" त्यावर ते अजिबात न रागावता सांगत, "पीक बरा हाय. पन कापता येत न्हाय."

दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसे. म्हणजे घशाने नव्हे, इच्छेने. एरवी हा मनुष्य असा की मानकोलीच्या नाक्यावर उभा राहून हाक मारील तर खाडीपलीकडची होडी वळून यावी. पण पहिले बदक उतरले की शिमग्यापर्यंत त्यांचे सर्व बोलणे कुजबुजीत चाले. बाजारात कुजबुजत, देवळात कुजबुजत, वैदूला पोटदुखी कुजबुजत सांगत. माझी मुलगी म्हणे, "आबा हिवाळ्यात रागावले तर समजतच नाही. कानाजवळ येऊन 'आमटीत मीठ कमी' असे सांगतात, मला वाटते काही गुपित सांगताहेत." तंबाखूचे त्यांना मोठे व्यसन होते. तंबाखू चुना घालून मळल्यावर तळहातावर दोन थापा मारल्याखेरीज तिची भुकटी उडत नाही, हे खाणाऱ्यांस ठाऊकच आहे. पण थापेने पाहुणे उडतात म्हणून आमचे व्याही हिवाळाभर ती तंबाखू नुसती फुंकीत, आणि भुकटी नाकात जाऊन येणारी शिंक दोन्ही हातांनी तोंड दाबून अशी आत जिरवीत की पाहणाऱ्याला त्यांच्या कानांची काळजी वाटावी.

त्या संक्रांतीला त्यांनी मला पहाटेच उठवून बांधावर नेले. नाही म्हणण्याची सोय नव्हती, कारण वर सांगितलेच आहे की मी मुलीचा बाप. मी माझ्या नेहमीच्या पोशाखात होतो, काळा कोट आणि परीटघडीची पांढरी टोपी. ही टोपी मी मामलेदारांपुढेसुद्धा उतरवीत नाही, नुसता हात लावतो. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले, खाली वाकले, ओंजळभर चिखल उचलला आणि एक शब्द न बोलता, फार प्रेमाने, तो माझ्या टोपीला सगळीकडून लावला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रागावू नका व्याही. पांढरा दिसला का त्यांना वाटतो बगला आला मोठा. मान राखायला उठून जातात." कोट काळा असल्याबद्दल त्यांनी माझी तारीफ केली.

त्यांच्यापाशी भंगारवाल्याकडून आणलेली एक दुर्बीण होती, जहाजावरची असावी. तिच्या दोन नळ्यांपैकी एकीची काच फुटलेली. ती डोळ्यांस लावावयाची म्हणजे एका डोळ्याला जग जवळ येई आणि दुसऱ्याला चिरफळ्या दिसत. पाहून झाल्यावर त्यांनी ती माझ्या हाती दिली, आणि मी चांगली नळी डोळ्याशी नेतो आहे असे दिसताच ती अलगद फिरवून फुटकी नळी माझ्या डोळ्याला लावली. म्हणाले, "मुलीकडचे ना तुमी." मग पोट धरून हसले, अर्थात आवाज न करता.

पक्ष्यांची शास्त्रोक्त नावे त्यांना माहीत नव्हती व तशी त्यांना गरजही वाटत नव्हती. ठाण्याच्या कॉलेजातला एक तरुण एकदा चांगली दुर्बीण गळ्यात अडकवून तेथे आला होता. त्याने सांगितले की ही बदके हिमालयाच्याही पलीकडून, बर्फाच्या देशातून येतात. व्याह्यांनी आदराने ऐकून घेतले आणि मग विचारले, "येताना नाशकावरून येतात ना?" तो म्हणाला, तशी शक्यता आहे. "मंग नाशिकचीच," असे म्हणून त्यांनी विषय संपविला, आणि पाहुण्यांना ते पुढेही नाशिकचीच मंडळी समजत राहिले. मी नाशिक रस्त्यावरच्या पडघ्याकडचा असल्यामुळे मला सांगत, "तुमच्या गावावरनं आली बरं का. वलख दाखवा जरा."

नावे मात्र त्यांनी सर्वांना ठेवली होती, व ती कचेरीतली होती, कारण आयुष्यात मोठ्या माणसांचा संबंध त्यांना तेवढाच आला. अंगाने काळे व कपाळावर पांढरा पट्टा असलेले, सारखे एकमेकांवर धावून जाणारे पाणपक्षी, ते वकील. लांब तांबड्या पायांनी शेत मोजल्यासारखा चालणारा शेकाट्या, तो तलाठी. आणि तपकिरी रंगाची एक घार पाण्यावरून अगदी सखल उडत येई व ती येताच सर्व बदके एकदम उठत, ती घार म्हणजे फौजदार. "तो आला का सगले उठून उभे," ते सांगत. "पकडतो कुनाला न्हाय. नुसती फेरी मारतो." मी विनोदाने विचारले की या कचेरीत अर्जनवीस कोणता. त्यांना विचार करावा लागला नाही. काठावरच्या चिखलात एक चिमुकला पक्षी शेपटी खालीवर नाचवीत एकटाच ये-जा करीत होता. "तो," ते म्हणाले. "दिवसभर काठाला असतो, शेपूट हलवतो, आनि पान्यात कवा उतरत न्हाय."

मुंबईचे दोन शिकारी एकदा जीप घेऊन, बंदुका घेऊन त्यांच्या दारात आले आणि हिंदीत विचारू लागले की बदके कोठे मिळतील. व्याह्यांनी त्यांना खाटेवर बसविले, सुनेला चहा टाकावयास सांगितला, आणि कधी नव्हे ते भर हिवाळ्यात अंगणात उभे राहून, खणखणीत आवाजात, हातवारे करीत रस्ता समजावून दिला. "बत्तख? बत्तख इधर किधर मिलेंगा साहेब. सीधा हायवे पकडो, पडघा जाव. उधर बाजार में पिंजरे में भरके मिलता." त्या आरोळ्यांनी मागच्या पाण्यातली झाडून सारी बदके उठून खाडीपार गेली. जीप पडघ्याकडे निघून गेली. त्यानंतर दोन दिवस व्याही नजर चुकवून बांधावर बसत होते. आपल्या घरात आपण पाहुण्यांवर ओरडलो, याचे त्यांना फार लागले होते.

आता मुख्य मजकुराकडे येतो. माझे जावई भिवंडीत दुसऱ्याच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. कष्टाळू मुलगा. कापसाचे तंतू केसांत घेऊन घरी येई आणि तसाच झोपी जाई. त्या काळी भिवंडीच्या चारी बाजूंनी लूमच्या शेडी उठत होत्या, आणि व्याह्यांचे ते खाचर एका अंगाने खाडीला तर दुसऱ्या अंगाने रस्त्याला लागून होते. एका सकाळी जावई वडिलांसमोर बसून म्हणाले, "आबा, दुसऱ्याच्या लूमवर ड्युटी करून माझी जिंदगी चालली. आपली जागा रोडला हाय. माती टाकली, पानी बुजवला, का शेड उभी. माझे लूम, माझी शिफ्ट. कुनाची बात ऐकायला नको." माझी मुलगी दाराशी उभी होती व मी तेथेच होतो. खरे सांगावयाचे तर मला त्यात काही गैर दिसले नाही. मुलीचे भले कोणास नको असते?

व्याह्यांनी बराच वेळ घोंगडीची दशी ओढली. मग म्हणाले, "बरोबर बोलतोस." आणि माझ्याकडे वळून, "व्याही, बिनशेतीचा अर्ज लिवा. मालक म्हनून मी सही करतो."

मी लगेच बैठक मारली. जमीन खारवट, उत्पन्न नगण्य, मुलगा होतकरू, उद्योगधंद्यास उत्तेजन देणे सरकारचे धोरण, असा चौफेर मजकूर मी त्यात घातला. वाचून दाखविला. व्याह्यांनी कौतुकाने मान हलविली, सही केली, आणि जावई ड्युटीवर गेल्यावर माझ्या शेजारी सरकून बसले.

"आता दुसरा लिवा. हरकतीचा."

"हरकत कोण घेणार?"

"मीच."

मी त्यांना समजाविले की अर्जदार एक असतो आणि हरकतदार दुसरा असतो, नाहीतर भांडण कोणाचे कोणाशी? ते म्हणाले, "अर्ज पोराचा. हरकत पावन्यांची. त्यांना सही येत न्हाय, म्हनून त्यांच्या वतीनं मी. पोराला न्हाय कसा बोलू, व्याही? आनि दरसाल येनाऱ्यांना, आता येऊ नका, असा तरी कसा बोलू? दोन्ही कागद सरकारात जाऊ दे. सरकार ठरवेल, त्याच्यात माजा तोंड दिसायचा न्हाय."

माझ्या धंद्याचा एक शिरस्ता आहे, जो सांगेल त्याचे लिहावयाचे व पूर्ण ताकदीने लिहावयाचे. कित्येकदा मी सकाळी वादीचा व दुपारी प्रतिवादीचा मसुदा लिहिला आहे, आणि दोन्ही वेळा मलाच तो पटला आहे. हरकतीत मी लिहिले की सदरहू पक्षी हे अर्जदाराच्या वाडवडिलांच्या वेळेपासून दर हिवाळ्यात विनातक्रार त्या पाण्यात उतरत असून त्यांची वहिवाट अखंड आहे, त्यांस अन्यत्र आसरा नाही, व घरी आलेल्यास उठविणे हे या मुलखाच्या रीतीस धरून नाही. लिहून झाल्यावर तो मजकूर मी स्वतःलाच दोनदा वाचून दाखविला हे मी नाकारत नाही. दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच शाईत, एकाच अक्षरात कचेरीत दाखल झाले. अव्वल कारकुनाने ते शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. "नाना, आज स्वतःशीच दावा मांडलात काय?" मी म्हणालो, मजकूर पाहावा, अक्षर पाहू नये.

ऐन थंडीत, सकाळच्या प्रहरी, स्थळपाहणीस सर्कलसाहेब आले. बरोबर खरा तलाठी होता. बांधावर जावई, मी, व्याही आणि डोक्यावर पदर घेऊन माझी मुलगी. मी आदल्या रात्रीच टोपी धुवून घेतली होती, पण व्याह्यांनी तिच्याकडे पाहून जे हात जोडले त्यांवरून मी ती काढून कोटाच्या आत घातली. असा बोडका मी सरकारी अधिकाऱ्यासमोर प्रथमच उभा राहिलो.

"अर्जदार कोण?" साहेबांनी विचारले.

"मी," व्याही कुजबुजले.

"मोठ्याने बोला. हरकतदार?"

"मी बी," तितक्याच हळू.

साहेब चिडले. त्यांनी आणखी दोन प्रश्न चढ्या आवाजात विचारले आणि दोहोंची उत्तरे त्यांना वाकून, कान पुढे करून घ्यावी लागली. कुजबुजीला कुजबुजीनेच उत्तर द्यावेसे वाटते हा मनुष्यस्वभाव आहे. थोड्याच वेळात साहेब कुजबुजू लागले, तलाठी कुजबुजू लागला, आणि बिनशेतीची ती सारी चौकशी एखाद्या आजाऱ्याच्या खोलीत चालावी तशी चालली. समोर पाण्यावर धुके होते व त्यात काळे ठिपके हलत होते. एवढ्यात खाडीच्या बाजूने ती तपकिरी घार सखल उडत आली, आणि धुके मुळापासून उपटावे तसे ते सगळे पाणी पंखांनिशी वर उठले. त्यांचा आवाज डोक्यावरून गेला, वळला, परत आला. साहेबांचा हात कागदावर होता तेथेच राहिला. व्याही त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "घाबरू नका साहेब. फौजदार हाय. फेरीवर आला."

पाहुणे पुन्हा पाण्यात बसेपर्यंत साहेब थांबले. मग खाकरले व म्हणाले, "हे पाहा आबा, तुमचे मन मला समजले. पण कायद्यात एक माणूस दोन बाजूंना उभा राहू शकत नाही. यातला एक कागद तुम्हांला आत्ताच मागे घ्यावा लागेल. कोणता, ते तुम्ही सांगा."

हेच त्यांना नको होते. त्यांनी पाण्याकडे पाहिले. मग मुलाकडे पाहिले. मुलगा रात्रपाळी करून तसाच आला होता, केसांत कापूस होता, उभ्या उभ्या डोळे मिटत होते. व्याह्यांनी पुढे होऊन त्याच्या केसांतला कापूस बोटांनी काढला, तो फुंकून उडविला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "व्याही, हरकत काढा."

मी लिहिले. माझ्या लेखणीने इतका आखूड मजकूर क्वचितच लिहिला असेल. व्याह्यांनी सही केली व साहेबांना चहाला घरी नेले. चहा पिताना ते मोठ्याने बोलत होते, आणि ते ऐकून माझी मुलगी आतल्या खोलीत जाऊन रडली.

परवानगी मिळाली. मातीचे ट्रक कधी येतात याची आम्ही वाट पाहत होतो. शिमगा झाला, पाहुणे गेले, तरी ट्रक आला नाही. एके दिवशी जावई भिवंडीला माझ्या चिंचेखाली आले आणि बूट काढून बाकावर बसले. म्हणाले, "शेड खळ्यावर टाकतो."

"खळे लहान पडेल," मी म्हणालो. "चार लूम जातील तेथे दोन बसतील."

"दोनच बसवतो. पानी बुजवायला माती लय लागते. माती हाय कुठे आजकाल?"

त्या वर्षी कशेळीपासून मानकोलीपर्यंत मातीशिवाय दुसरे काही दिसत नव्हते. रस्त्याचे काम चालले होते आणि मातीचे ढीग लोकांच्या दारांत ओतले जात होते. मी त्यांस तसे म्हणालो नाही. म्हणालो, "खरे आहे, माती मिळत नाही."

खळ्यावर शेड उभी राहिली व दोन लूम खडखडू लागले. व्याही घोर चिंतेत पडले. पहिल्या हिवाळ्यात पाहुणे पलीकडच्या बांधाला दूर बसले. दुसऱ्या हिवाळ्यात मधोमध आले. तिसऱ्या हिवाळ्यात वकील मंडळी शेडच्या भिंतीखाली भांडू लागली. लूमचा आवाज सर्वांच्या अंगवळणी पडला, एका व्याह्यांखेरीज. ते त्या खडखडाटातही कुजबुजतच बोलत, आणि ते काय म्हणतात हे शिमग्यापर्यंत कोणासही ऐकू येत नसे.

ते गेले श्रावणात. पाहुणे नसतानाच्या दिवसांत गेले, जणू तेही ठरवून. बाराव्याला सर्व नातलग जमले होते आणि रडणे, बोलणे, भांड्यांचा आवाज असा गोंगाट होता. मागच्या खाचरात भात हिरवेगार उभे होते. मला सारखे वाटत होते की पाण्यातल्या पाहुण्यांना हे कोणी कळविणार नाही. दिवाळी होईल, ती नाशिकची मंडळी येतील, उघाडी लावलेली असेल, खाचर कोरडे असेल, आणि ती दोन घिरट्या घालून निघून जातील. माझ्यापाशी लेखणी होती, पण तो मजकूर कोणत्या पत्त्यावर धाडावा हे मला सुचले नाही.

मार्गशीर्षात मी मुलीकडे गेलो. मुद्दाम पाठीमागे पाहावयाचे नाही असे ठरवून ओटीवर बसलो. घरात कोणी नव्हते. शिफ्ट बदलण्याची वेळ झाली आणि लूम थांबले. नेहमी ते लगेच सुरू होतात. त्या सकाळी बराच वेळ झाला तरी सुरू होईनात, म्हणून मी उठून मागच्या दाराशी गेलो. शेडच्या दारात जावई हातात चहाचा पेला घेऊन उभे होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवले व बांधाकडे खूण केली.

खाचरात गुडघाभर पाणी होते. बांधावर, नेहमीच्या जागी, व्याह्यांची घोंगडी पांघरून कोणी बसले होते. मी चपला हातात घेऊन गेलो. ती माझी मुलगी होती. तिने मागे वळून न पाहता सरकून मला जागा दिली. माझ्या घरात शुद्ध भाषा बोलून वाढलेली ती पोर माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "बाबा, टोपी काढा. पावने आल्यात."

मी टोपी काढली आणि मांडीखाली ठेवली. तिने दुर्बीण पुढे केली, आणि मी हात पुढे करताच ती अलगद फिरवून फुटकी नळी माझ्या डोळ्याला लावली.